कापडी मास्तरांची तारीख

क्वासीने जर्सीची घडी घातली, मोडली, पुन्हा नीट घातली आणि रहिमतुल्लाच्या टेबलावर ठेवली. तिच्यावर शॉर्ट्स, त्यावर ट्रॅकसूट, आणि सगळ्यात वर मोज्यांचे चार जोड, धुऊन एकात एक गुंडाळलेले. परत करायच्या कपड्यांना कोणी इस्त्री करतं होय? पण ह्या पोराने केली होती. रहिमतुल्ला फॉर्मवर एकेका वस्तूपुढे खूण करत गेला. मान वर करायची नाही, हे त्याने सकाळीच ठरवून टाकलं होतं.

“बूट माझे आहेत, अंकल,” क्वासी म्हणाला. “ते मी घरून आणलेले.”

“ठाऊक आहे मला.”

जूनची पहिली तारीख होती, रविवार. खिडकीबाहेर बहरीनमधल्या तुबलीच्या गॅरेजांचे पत्रे तापून पांढरे पडले होते आणि ऑफिसातला एसी जिवावर आल्यासारखा चालत होता. क्वासीचं विमान संध्याकाळचं. फुटबॉल क्लबची गाडी त्याला तीन वाजता न्यायला येणार होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर केकचा खोका उघडा पडला होता आणि त्यातला अर्धा केक सगळ्यांनी येता-जाता संपवला होता, कारण आज रहिमतुल्लाचा वाढदिवस होता. म्हणजे कागदावरचा.

खरा वाढदिवस कोणाला माहीत? म्हसळ्याच्या अलीकडे, खाडीकाठी त्याचं गाव. तिथल्या शाळेत कापडी मास्तर होते. आई पोराचं नाव घालायला गेली की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? रहिमतुल्लाच्या आईने सांगितलं होतं, ज्या साली खाडीचं पाणी मशिदीच्या पायरीला लागलं त्या सालचा, जुम्म्याचा म्हणजे शुक्रवारचा, बांग चालू असताना झाला. आता मास्तरांच्या रजिस्टरात पायरीला रकाना नव्हता आणि बांगेलाही नव्हता. मास्तरांनी एक जून लिहिलं आणि पोर सहा वर्षांचं धरून साल मागे मोजलं. शाळा जूनमध्ये उघडायची, काम सोपं. पोर सहाचं नव्हतं, चांगलं नवाचं होतं, तोवर मामाच्या बकऱ्या राखत होतं. पण मास्तरांपुढे बोलणार कोण? त्या वर्गात बत्तीस पोरं होती आणि बत्तीसच्या बत्तीस एक जूनला जन्मलेली.

पुढे हीच तारीख दाखल्यावर गेली, दाखल्यावरून पासपोर्टवर, पासपोर्टवरून बहरीनच्या रेसिडेंट कार्डावर. कागदाने रहिमतुल्ला आज अठ्ठावन्नचा झाला होता. आईच्या हिशेबाने एकसष्टचा. क्लबचा नियम असा, की साठ भरली की व्हिसा रिन्यू करायचा नाही. तेव्हा कापडी मास्तरांनी त्याला तीन वर्षं फुकटात दिली होती म्हणायची, आणि त्या तीन वर्षांत इक्राचं नर्सिंग पुरं व्हायचं होतं. धाकटी लेक ती, अजून दोन वर्षं बाकी. मास्तरांच्या कबरीवर त्याने मनातल्या मनात कितीदा फातिहा वाचला असेल, त्यालाच ठाऊक.

सत्तावीस वर्षं तो ह्या क्लबचा मंदूब होता. मंदूब म्हणजे कागद घेऊन फिरणारा माणूस. व्हिसा काढा, कार्ड काढा, खेळाडूंची नावं फुटबॉल संघटनेत नोंदवा, मेडिकलच्या रांगेत उभे राहा. आलेल्या प्रत्येक परदेशी खेळाडूला विमानतळावर आधी रहिमतुल्ला दिसायचा आणि जाताना शेवटचाही तोच. कितीतरी आले, गेले. कोणाचा चेहरा लक्षात राहिला नाही. हा एक राहिला.

क्वासी आसारे जानेवारीत आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. घानातलं सुन्यानी त्याचं गाव. अंगात पातळ जॅकेट, हातात बुटांची पिशवी. क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा, बघायला येणार ती शंभर-दीडशे माणसं, त्यातली निम्मी खेळाडूंच्या घरची. पण हा पोरगा बॉल पायात आला की असा निघायचा की गॅरेजवाले पंजाबी काम टाकून कुंपणाला चिकटायचे. सतरा मॅचमध्ये चौदा गोल. रहिमतुल्लाला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, तरी तो बाकावर बसून उगाच टाळ्या वाजवायचा आणि मग आजूबाजूला बघून हात खाली घ्यायचा.

शुक्रवारी क्वासी त्याच्या खोलीवर जेवायला यायचा. म्हावऱ्याचं सालन आणि भात. पहिल्या दिवशी काटे कसे काढायचे ते दाखवायला रहिमतुल्लाने हात पुढे केला, तर पोराने डोक्यासकट मासा चोखून ताट साफ केलं आणि म्हणाला, आमच्याकडे असंच करतात, फक्त तिखट जास्त. त्याच जेवणावर त्याने आपल्या नावाचं सांगितलं होतं. त्यांच्यात पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं. रविवारचा तो क्वासी. बाकीचं नाव नंतर ठेवा, वाराचं नाव जन्मतःच लागलेलं. रहिमतुल्लाला ती रीत फार आवडली. नाहीतर आमचे मास्तर, असं त्याला वाटून गेलं होतं. तो तेवढ्यावरच थांबायला हवा होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या क्लबचा माणूस आला. जासिम त्याचं नाव. पहिल्या डिव्हिजनचा क्लब, पुढच्या हंगामासाठी तीन वर्षांचं कंत्राट घेऊन आला होता. मगरिबच्या नमाजनंतर सेक्रेटरी बू नासिरच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, खजूर, कडक करक चहा मांडला आणि बू नासिरने रहिमतुल्लाला क्वासीची फाइल घेऊन बोलावलं. फाइल देऊन तो उलट पावली निघणार तोच बू नासिर म्हणाला, बस रे रहमत, चहा घे. सत्तावीस वर्षांत त्या गादीवर बसायला त्याला पहिल्यांदा कोणी सांगत होतं. बसला. समोर चहा आला. माणसाला मान मिळाला की त्याची जीभ सैल सुटते, आणि जिभेला तर हाडच नसतं.

जासिमने पासपोर्टची प्रत चाळत सहज विचारलं, कागद स्वच्छ आहेत ना? बू नासिरने रहिमतुल्लाकडे हात केला. ह्याला विचारा, सगळं ह्याच्याच हातून गेलंय. आता इथे ‘हो, स्वच्छ आहेत’ एवढंच म्हणायचं होतं. खलास. पण रहिमतुल्लाला वाटलं, एवढा गादीवर बसवलाय तर दोन शब्द रंगवून सांगावे. जासिमच्या हातातल्या प्रतीवर त्याला दिसलं, जन्मतारीख एक जानेवारी. आणि त्याला आतून माया आली. अगदी खरी माया, आपलं माणूस भेटल्यासारखी. हा पण आपल्यातलाच, मास्तरांचा पोर!

त्याने कापडी मास्तरांची गोष्ट सांगितली. बत्तीस पोरं, एक जून, गावातली सुईण त्या दिवशी दमून मेली असेल बिचारी. ते दोघे पोट धरून हसले. जासिमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग रहिमतुल्ला म्हणाला, “पहिल्या तारखेचे सगळे मास्तरांचेच, साहेब. आमच्याकडे एक जून, त्यांच्याकडे एक जानेवारी. मास्तर जगभर सारखेच.”

त्या बत्तिसांत आपण होतो, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते तेवढं जपून ठेवलं.

जासिम हसायचा थांबला नाही, फक्त त्याने प्रत पुन्हा एकदा डोळ्यांपुढे धरली, मग हलकेच खाली ठेवली. त्यानंतर उकाड्याविषयी बोलणं झालं, रस्त्याच्या कामाविषयी झालं. चहा संपवून तो गेला. चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला की आम्ही एक ब्राझीलचा मुलगा बघतोय. बू नासिरने डॉक्टरला विचारलं होतं. एकोणिसाव्या वर्षी हाडांचे फोटो काढून खरं वय सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाला. मग बू नासिरलाही वाटलं, उद्या कोणी तक्रार केली तर आपल्या क्लबच्या गळ्याला फास. त्यानेही कंत्राट वाढवलं नाही. आणि ते पोराला सांगायचं काम अर्थातच मंदूबाचं.

“बजेट नाही म्हणतात,” रहिमतुल्लाने सांगितलं होतं.

“चौदा गोल झाले, अंकल. मी काही चुकलो का?”

“नाही रे. तू काय चुकणार.”

त्या दिवशी त्याने घरी फोन लावला. शरीफुन्निसाला सगळं सांगितलं, मनात असं की बायको म्हणेल, जाऊ दे, नशीब त्याचं.

“तुमची तारीख सांगितलीत का त्यांना?” तिने विचारलं.

“माझी कशी सांगणार?”

“मग त्या पोराचीच बरी सांगितलीत,” ती म्हणाली. “आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून.” आणि तिने फोन ठेवून दिला. तीस वर्षांच्या संसारात शरीफुन्निसाने आधी फोन ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आणि आज सकाळी तर कडेलोटच झाला. केक कापताना बू नासिर सहज बोलून गेला की जासिमचा तो ब्राझीलवाला मेडिकलमध्ये नापास झाला, गुडघा निकामी. मंगळवारी त्यांची खेळाडूंची यादी बंद होते, आज उद्यात कोणी मिळतो का म्हणून जासिम वणवण करतोय. “हा आपला काळा पोरगा कागदाने सरळ असता,” बू नासिर बोट चाटत म्हणाला, “तर आज त्याचं कल्याण होतं.” रहिमतुल्लाने तोंडातला केकचा घास गिळला. पोरगा कागदापेक्षा मोठाच असणार, त्याने स्वतःला समजावलं. बाविसाचा असेल, तेविसाचा असेल. आपण काय खोटं बोललो?

तर आता दुपारी पोरगा समोर उभा होता, फॉर्मवरच्या सगळ्या खुणा झाल्या होत्या, आणि त्याची नजर केकवर गेली.

“कोणाचा वाढदिवस?”

“माझाच,” रहिमतुल्ला म्हणाला. “घे, खा.”

क्वासीचा चेहरा एकदम उजळला. आठवड्यात पहिल्यांदाच. त्याने टेबलाला वळसा घालून रहिमतुल्लाला मिठी मारली आणि म्हणाला की म्हणजे आपण दोघंही एक तारखेचे! तुम्ही एक जून, मी एक जानेवारी. त्याने केकचा तुकडा घेतला आणि खाता खाता सांगायला लागला. त्याची आई नव्या वर्षाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये उभी होती, तिथेच कळा सुरू झाल्या. टॅक्सीत घालून इस्पितळात नेली. रात्री बारा वाजून बारा मिनिटांनी हा झाला. त्या इस्पितळात दर वर्षी पहिल्या बाळाच्या आईला भेट देतात, प्लास्टिकची मोठी बादली भरून साबण, दुपटी, दुधाचा डबा. आई अजून ती बादली वापरते.

“थांबा, दाखवतो.”

त्याने फोन पुढे धरला. पेपरच्या जुन्या कात्रणाचा फोटो होता, घड्यांवर पिवळा पडलेला. खाटेवर दमलेली बाई, शेजारी हसणारी नर्स, नर्सच्या हातात गुंडाळलेलं गाठोडं, पायाशी निळी बादली. वर इंग्रजीत मथळा, नव्या वर्षाचं पहिलं बाळ. आईचं नाव, आडनाव आसारे. कोपऱ्यात पेपरची तारीख, चार जानेवारी दोन हजार सहा.

रहिमतुल्लाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. तारीख तीच राहिली.

“हे तू आधी कोणाला दाखवलंस का?”

“नाही. कोणी विचारलंच नाही, अंकल.”

खरंच की. कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या टेबलावर पाच महिने कॉम्प्युटर चालू होता. दोन हजार सहाची एक जानेवारी कोणत्या वारी होती, एवढं बघायला अर्धं मिनिट लागलं नसतं. रविवार होता. पोराच्या नावातच लिहिलेलं होतं ते. आणि ते नाव त्याने स्वतःच्या हाताने किती फॉर्मांवर भरलं होतं.

त्याने क्वासीला तो फोटो आपल्याला पाठवायला सांगितला. क्वासीने लगेच पाठवला, वर दोन टाळ्यांची चिन्हंही टाकली. “बस इथे,” रहिमतुल्ला म्हणाला, “आलोच,” आणि एका हातात फोन, दुसऱ्या हातात क्लिअरन्सचा फॉर्म घेऊन तो बू नासिरच्या दारापर्यंत गेला. बारा पावलं असतील. त्या बारा पावलांत त्याने ठरवलं होतं की सांगायचं. तेवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हरकत नाही.

बू नासिर मांडीवर कागदी बशी घेऊन केक खात होता. चांगला माणूस, आधी हसणारा आणि नंतर आठवून विचारणारा.

“ये, ये. किती वर्षं झाली म्हणालास सकाळी?”

रहिमतुल्लाने फोनवर अंगठा ठेवला होता. फोन पुढे करायचा, एवढंच काम. पण मग बू नासिर विचारणार, पोरगा जर खरा, तर तू त्या दिवशी तसं का म्हणालास? आणि त्याला उत्तर एकच होतं. मी आपल्यावरून बोललो, साहेब. मी त्या बत्तिसांतला. मग बू नासिर हसणार आणि घरी जाऊन, अंघोळ करून, रात्रीचं जेवून त्याला आठवणार की रहमतची तारीख काय बरं? आणि उद्या नेमका खोडा घालणार. दोन वर्षं. इक्राची दोन वर्षं.

“अठ्ठावन्न,” तो म्हणाला.

“माशाल्ला! म्हणजे अजून दोन वर्षं आमची तुझ्यातून सुटका नाही.” बू नासिर आपल्याच विनोदावर हसला. “काय काम होतं?”

“क्वासीच्या फॉर्मवर सही.”

बू नासिरने बशी बाजूला ठेवली, पेन मागितलं, सही केली. वर शिक्काही मारला. रहिमतुल्लाने फॉर्म घेतला, शाई वाळावी म्हणून दोनदा फुंकर घातली आणि परत फिरला. येताना ती बारा पावलं होती की चोवीस, त्याला कळलं नाही.

क्वासी बॅगेची चेन लावून तयार बसला होता. त्याने फॉर्म घडी करून पासपोर्टमध्ये ठेवला. गाडीचा हॉर्न वाजला तरी तो उठला नाही.

“अंकल, तुमचा वार कोणता?”

“काय?”

“जन्माचा वार. मी जाताना तुम्हाला आमचं नाव देऊन जाणार आहे. माझ्याकडे दुसरं द्यायला काही नाही.” तो फोनवर बोटं चालवत होता. “मला वाटायचं तुम्ही शुक्रवारचे असाल. आपण शुक्रवारी जेवायचो ना, म्हणून. शुक्रवारचा असतो तो कोफी. साल कोणतं तुमचं?”

टेबलावर रेसिडेंट कार्ड पडलं होतं. रहिमतुल्लाने सांगायच्या आधीच क्वासीने ते वाचलं. एक जून एकोणीसशे सदुसष्ट. त्याने फोनमध्ये बघितलं.

“गुरुवार!” तो म्हणाला. “मग तुम्ही यॉ. गुरुवारचा माणूस यॉ. बरोबर ना, अंकल? घरी सांगतात ना, कोणत्या वारी झालात ते?”

आई अंगणात जात्याशी बसून सांगायची ते रहिमतुल्लाला स्पष्ट ऐकू आलं. जुम्म्याचा, बांग चालू होती, पाणी पायरीला लागलं होतं. तिचा आवाज, तिचं ते ‘पायरीला’ म्हणताना हात खाली नेणं. सत्तर पावसाळे पाहिलेल्या त्या अडाणी बाईला आपल्या पोराचा वार पक्का माहीत होता.

“हो,” तो म्हणाला. “गुरुवारच.”

पुन्हा हॉर्न वाजला. क्वासीने बॅग खांद्याला लावली, बुटांची पिशवी हातात घेतली, आणि दारातून वळून त्याने ते नाव एकदा नीट उच्चारून दाखवलं, लहान मुलाला शिकवावं तसं. मग उन्हात गेला. रहिमतुल्ला त्याच्या मागे फाटकापर्यंत आला. सगळ्यांना पोचवायला यायचा तसाच.

गाडी गॅरेजांच्या गल्लीकडे वळली तेव्हा मागची काच खाली झाली आणि पोराचा हात बाहेर आला.

“जातो, यॉ!”

पंजाबी मेकॅनिकने पान्ह्यावरून मान उचलून इकडे-तिकडे पाहिलं, हा कोणाला हाका मारतोय म्हणून. रहिमतुल्लाने हात वर करून ओ दिली.